खेळांवरून आलेले इंग्रजी वाक्प्रचार रशियनमध्ये कसे न्यावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रशियन शिकणारे विद्यार्थी, उपशीर्षके लिहिणारे, तांत्रिक आणि व्यापारी मजकुराचे अनुवादक, वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात गेलेली मुले अशा अनेकांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल तर तिथे तसे सांगितले आहे.

इथले रशियन शब्द देवनागरीत आहेत. ते वाचायचे कसे?

लेखन अक्षरांना धरून आहे, म्हणजे शब्दकोशात शोधताना अडचण येणार नाही. उच्चारात मात्र आघात नसलेला 'ओ' हा 'अ'कडे झुकतो: 'स्लोवो' ऐकू येतो 'स्लोवा' असा. शब्दाच्या शेवटी 'त्य', 'र्य', 'ल्य' दिसले तर तिथे मृदुचिन्ह आहे. 'य' वेगळा उच्चारू नका, आधीचे व्यंजन जीभ टाळूला टेकवून मऊ करा. 'झ' हा 'ब्रेझनेव्ह'मधला, 'ज़' हा इंग्रजी 'झीरो'मधला. 'त्स' आपल्याला सोपा जातो, कारण 'चाक'मधला 'च' तोच आहे. सुटा 'व' हे 'मध्ये' या अर्थाचे शब्दयोगी अव्यय असून ते पुढच्या शब्दाला जोडूनच बोलतात.

एखादा इंग्रजी वाक्प्रचार समोर आला की पहिली पायरी कोणती?

त्यामागे कोणता खेळ आहे ते शोधा. मग पाहा की तो खेळ रशियन घरांत, अंगणांत, क्लबांत खेळला गेला का. पत्ते आणि बुद्धिबळ रशियात खोल रुजले, म्हणून त्यांवरचे वाक्प्रचार बहुतेक वेळा जोडीदार, म्हणजे त्याच अर्थाचा रशियन वाक्प्रचार, घेऊनच भेटतात. फुटबॉल आणि मुष्टियुद्धाचेही बरेच चालतात. क्रिकेट आणि बेसबॉल तिथे जनसामान्यांचे खेळ नाहीत, तिथे चित्र सोडून फक्त अर्थ न्यावा लागतो. शेवटची पायरी व्याकरणाची: जोडीदार सापडला तरी त्याची विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय ठरलेले असते. चुका सर्वांत जास्त इथेच होतात, वाक्प्रचार निवडण्यात नव्हे.

'खेळणे' म्हणजे 'इग्रात्य' हे कळले. पण त्यापुढे कधी 'व', कधी 'ना', कधी काहीच नाही. नियम काय?

खेळ असेल तर 'व' आणि कर्मविभक्ती: इग्रात्य व शाखमाती (बुद्धिबळ), व कार्ती (पत्ते), व फुतबोल. वाद्य असेल तर 'ना' आणि अधिकरण: इग्रात्य ना गितारे. भूमिका किंवा संगीतरचना असेल तर मध्ये काहीच नाही, थेट कर्म: इग्रात्य रोल्य, इग्रात्य वाल्स. धोक्याच्या गोष्टीशी खेळणे असेल तर 'स' आणि करणविभक्ती: इग्रात्य स ओग्न्योम, म्हणजे आगीशी खेळणे. पैसे लावून खेळायचे असेल तर 'ना' येतो, पण कर्मविभक्तीसह: इग्रात्य ना देन्गी. शेअर बाजारात सट्टा खेळणे हे मात्र वाद्यासारखे चालते: इग्रात्य ना बिर्झे.

या नियमाची खरी कसोटी 'प्ले सेकंड फिडल' या वाक्प्रचारात लागते. रशियनमध्ये 'इग्रात्य व्तोरूयू स्क्रिपकू' म्हणतात, थेट कर्म, 'ना'शिवाय, कारण दुसरे व्हायोलिन ही इथे भूमिका आहे. शिकणारे 'ना व्तोरोय स्क्रिपके' लिहितात. त्याचा अर्थ 'दुसऱ्या व्हायोलिनवर वाजवतो' एवढाच होतो आणि दुय्यमपणाची सगळी छटा निघून जाते.

जवळजवळ शब्दशः नेता येतील असे वाक्प्रचार कोणते?

'पुट युअर कार्ड्स ऑन द टेबल' म्हणजे विलोझित्य कार्ती ना स्तोल, किंवा नुसते रास्क्रित्य कार्ती, पत्ते उघड करणे. 'हाउस ऑफ कार्ड्स' म्हणजे कार्तोचनी दोमिक, पत्त्यांचे छोटे घर. 'प्ले कॅट अँड माउस' म्हणजे इग्रात्य व कोश्की-मिश्की. लपंडावाला इग्रात्य व प्र्यात्की. 'हिट बिलो द बेल्ट' म्हणजे उदार नीझे पोयासा. 'रशियन रूले' तिथेही रूस्काया रुलेत्का याच नावाने ओळखतात. 'डबल गेम' म्हणजे वेस्ती द्वोयनूयू इग्रू. क्रियापद 'वेस्ती', म्हणजे चालवणे. इथे 'इग्रात्य' वापरू नका.

'प्ले इंटू समवन्स हँड्स' जुळतो, पण फरकासह. इंग्रजीत हात अनेकवचनी आहेत, रशियनमध्ये एकच: इग्रात्य ना रुकू. आणि ज्याचा फायदा होतो तो संप्रदानात येतो. 'इतो सिग्रालो येमू ना रुकू' म्हणजे 'हे त्याच्या पथ्यावर पडले'. 'येगो' लिहिलेत तर वाक्य मोडते.

'द गेम इज नॉट वर्थ द कँडल' हा तर दोन्ही भाषांनी फ्रेंचमधून घेतला: इग्रा ने स्तोइत स्वेच. रात्री पत्त्यांचा डाव चालायचा तेव्हा मेणबत्त्यांचा खर्चही भरून येत नसेल, तर तो खेळ कशाला, असा मूळ अर्थ. आजच्या भाषेत मेणबत्तीचे षष्ठी अनेकवचन 'स्वेचेय' आहे, वाक्प्रचारात मात्र 'स्वेच' हे जुने रूप गोठून राहिले आहे. ते सुधारायला जाऊ नका. इंग्रजीत हा वाक्प्रचार आज पुस्तकी वाटतो, रशियनमध्ये तो रोजच्या बोलण्यातला आहे. उलट दिशेने अनुवाद करताना याचे भान ठेवा: साध्या संवादातल्या 'स्वेच'साठी इंग्रजीत 'नॉट वर्थ इट' पुरते.

पत्त्यांवरचे बाकीचे वाक्प्रचार? 'ट्रम्प कार्ड', 'एस अप द स्लीव्ह', 'फॉलो सूट' वगैरे.

आधी पत्त्यांची नावे पक्की करा, नाहीतर पुढे सगळे घसरते. बदाम म्हणजे चेर्वी, चौकट म्हणजे बुब्नी, किलवर म्हणजे त्रेफी, इस्पिक म्हणजे पिकी. गुलाम वालेत, राणी दामा, राजा कोरोल्य, एक्का तुज़. हुकूम म्हणजे कोज़िर्य, रंग म्हणजे मास्त्य.

'ट्रम्प कार्ड' सरळ कोज़िर्य. 'एस अप द स्लीव्ह'साठी 'कोज़िर्य व रुकावे', अस्तनीतला हुकूम, हे बसते. 'तुज़ व रुकावे'ही ऐकू येते. 'फॉलो सूट' मात्र थांबून पाहण्यासारखा आहे: टेबलावर 'त्याच रंगाचे पान टाकणे' असा अर्थ असेल तर मास्त्य हा शब्द येईल, पण 'इतर बँकांनीही व्याजदर कमी केले' अशा बातमीत 'पोस्लेदोवात्य प्रिमेरू', उदाहरण गिरवणे, हेच हवे. 'इन स्पेड्स' म्हणजे भरपूर, 'स लिख्वोय', त्यात इस्पिक कुठेच नाही. 'प्ले युअर कार्ड्स क्लोज टू युअर चेस्ट'मधली छाती रशियनमध्ये येत नाही, नुसते 'ने रास्क्रिवात्य कार्ती'. 'कॉल समवन्स ब्लफ'ला ठरलेला जोडीदार नाही. 'ज़ास्तावित्य रास्क्रित्य कार्ती', पत्ते उघड करायला भाग पाडणे, याने बहुतेक प्रसंग निभावतात.

पैज आणि जोखीम या कुटुंबात रशियन फार श्रीमंत आहे. 'ॲट स्टेक' म्हणजे ना कोनू. 'कोन' ही खेळात पैसे ठेवायची जागा. सर्वस्व पणाला लावणे म्हणजे 'पोस्तावित्य व्स्यो ना कार्तू'. इथला 'कार्ता' हा पत्ता आहे, पण त्याच शब्दाचा दुसरा अर्थ नकाशा. यंत्रानुवादात 'सगळे नकाशावर ठेवले' अशी वाक्ये त्यामुळेच दिसतात. 'गो फॉर ब्रोक' किंवा 'ऑल इन' म्हणजे इद्ती वा-बांक, हा फ्रेंचमधून आलेला जुगाराचा शब्द. 'हिट द जॅकपॉट' म्हणजे सोर्वात्य कुश किंवा सोर्वात्य बांक. 'द गेम इज अप'ला 'वाशा कार्ता बीता', तुमचे पान मारले गेले. हा जोडीदार इंग्रजीपेक्षाही धारदार आहे, खलनायक पकडला गेल्याच्या प्रसंगात तो जरूर वापरा.

'दुराक' हा खेळ माहीत असणे खरेच गरजेचे आहे का?

हो, आणि तो एका संध्याकाळी शिकता येतो. छत्तीस पाने, सहापासून एक्क्यापर्यंत. प्रत्येकाला सहा पाने. एक पान उलटून हुकूम ठरतो. एकाने टाकलेले पान दुसऱ्याने त्याच रंगाच्या मोठ्या पानाने किंवा हुकमाने मारायचे, जमले नाही तर ते उचलून घ्यायचे. ज्याच्या हातात शेवटी पाने उरतात तो 'दुराक', म्हणजे मूर्ख. इथे जिंकणारा ठरत नाही, फक्त हरणारा ठरतो.

'ओस्तात्स्या व दुराकाख', मूर्ख ठरून उरणे, हा वाक्प्रचार हा खेळ डोळ्यांसमोर असला की लगेच उमगतो. 'लेफ्ट होल्डिंग द बॅग' किंवा 'एंड अप लुकिंग अ फूल' यांना तो अचूक लागतो. 'क्रित्य नेचेम', म्हणजे मारायला पान नाही, हा समोरच्याच्या युक्तिवादावर उत्तरच नाही अशा वेळी वापरतात. 'हॅव नो आन्सर टू दॅट'साठी यापेक्षा जिवंत रशियन मिळणे कठीण. मात्र 'वाल्यात्य दुराका'ला या खेळातला समजू नका. तो 'प्ले द फूल', वेड पांघरणे किंवा टिवल्याबावल्या करणे, या अर्थाचा वेगळा वाक्प्रचार आहे.

बुद्धिबळातले शब्द आपल्यालाही येतात. मग त्यात चूक कशी होते?

येतात म्हणूनच होते. शह रशियनमध्ये शाख, मात म्हणजे मात. दोन्ही भाषांनी फारसीतून घेतले. त्यामुळे शिकणारा निर्धास्त होतो आणि हत्तीपाशी अडकतो. रशियन पटावर 'स्लोन', म्हणजे हत्ती, हे आपल्या उंटाचे नाव आहे. आपला हत्ती, जो सरळ रेषेत चालतो, तो तिथे 'लाद्या', म्हणजे नौका. मराठीत वजीर तो रशियनमध्ये 'फेर्ज़्य', हाही फारसी वंशाचा आणि व्याकरणाने पुल्लिंगीच, त्यामुळे इंग्रजी 'क्वीन'पेक्षा आपला वजीर त्याच्या जवळचा. घोडा कोन्य, प्यादे पेश्का, राजा कोरोल्य. डावाची नोंद भाषांतरित करताना हत्ती आणि उंट यांची अदलाबदल झाली की पुढची एकही खेळी पटावर बसत नाही.

'चेकमेट' आणि 'अ पॉन इन समवन्स गेम' सरळ जातात, दुसऱ्यासाठी 'पेश्का व चुझोय इग्रे', परक्याच्या डावातले प्यादे. 'स्टेलमेट'ला दोन वाटा आहेत. बुद्धिबळात शह नसताना एकही वैध खेळी उरत नाही आणि डाव बरोबरीत सुटतो, ती अवस्था म्हणजे 'पात'. वाटाघाटी अडकल्या असतील तर 'पातोवाया सितुआत्सिया' वृत्तपत्री भाषेत छान चालते, आणि जिथे निव्वळ कोंडी आहे, दोन तुल्यबळ बाजू नाहीत, तिथे 'तुपिक'. 'कीप इन चेक' हा इंग्रजीत बुद्धिबळातूनच आला, पण रशियन इथे लगाम धरते: देर्झात्य व उज़्द्ये. शाख आणलात तर वाचक पट शोधत बसेल.

रशियनकडे स्वतःचेही बुद्धिबळी वाक्प्रचार आहेत. ते 'आउटमनूव्हर' किंवा 'अंडर टाइम प्रेशर' असे काही दिसले की आठवावेत. 'खोद कोन्योम', घोड्याची चाल, म्हणजे अनपेक्षित, हुशार खेळी. 'व त्सेइतनोते' म्हणजे घड्याळ संपत आलेले, हा जर्मन शब्द रशियनमध्ये रोजच्या कामकाजाच्या घाईसाठीही सर्रास वापरतात. 'रोकिरोव्का', राजा-हत्तीची अदलाबदल, हा राजकारणात पदांची अदलाबदल सुचवतो. 24 सप्टेंबर 2011 रोजी मेदवेदेव आणि पुतिन यांनी राष्ट्राध्यक्ष व पंतप्रधान ही पदे आपसांत बदलण्याचा बेत जाहीर केला, तेव्हापासून हा शब्द त्या घटनेशी घट्ट जोडला गेला आहे.

क्रिकेटवरचे वाक्प्रचार कसे न्यायचे? मराठीत तर ते सहज चालतात.

मराठीत 'गुगली टाकली' किंवा 'विकेट काढली' म्हटले की पोरालाही कळते. रशियनमध्ये त्यातले काहीच कळणार नाही. अनेक वाचक 'क्रिकेत' आणि 'क्रोकेत' या दोन खेळांतही गल्लत करतात. म्हणून इथे ठामपणे चित्र सोडा.

'इट्स नॉट क्रिकेट' म्हणजे 'इतो नेचेस्त्नो', हे प्रामाणिकपणाचे नाही. 'ऑन अ स्टिकी विकेट' हा खेळपट्ट्या उघड्या असायच्या त्या काळातला. पावसात भिजलेली खेळपट्टी उन्हात सुकू लागली की चेंडू वाटेल तसा उसळायचा आणि फलंदाज हवालदिल व्हायचा. रशियनमध्ये 'व श्चेकोत्लिवोम पोलोझेनिइ', नाजूक अवस्थेत. 'ऑफ हिज ओन बॅट' म्हणजे पो सोब्स्त्वेन्नोय इनित्सिआतिवे, स्वतःहून. 'स्टम्प्ड' म्हणजे पोस्तावित्य व तुपिक, निरुत्तर करणे. 'नॉक फॉर सिक्स' म्हणजे विबित्य इज़ कोलेइ, चाकोरीतून बाहेर फेकणे.

पात्र स्वतः क्रिकेट खेळणारे असेल, किंवा विनोदच त्या खेळावर असेल, तरच मूळ शब्द ठेवा आणि त्याच वाक्यात अर्थ उलगडा.

बेसबॉललाही हेच लागू. 'बॉलपार्क फिगर' म्हणजे प्रिमेर्नाया त्सिफ्रा, अंदाजे आकडा; 'आउट ऑफ लेफ्ट फील्ड'ला 'काक स्नेग ना गोलोवू', डोक्यावर बर्फ पडावे तसे अचानक. रशियाचा स्वतःचा दांडू-चेंडूचा खेळ आहे, लाप्ता, पण इंग्रजी वाक्प्रचारांच्या जागी बसतील असे वाक्प्रचार त्यातून येत नाहीत.

'द बॉल इज इन युअर कोर्ट'साठी 'म्याच ना वाशेय स्तोरोने' बरोबर की 'खोद ज़ा वामी'?

दोन्ही. पहिला, चेंडू तुमच्या बाजूला, हा व्यापारी आणि वृत्तपत्री भाषेत आता रुळला आहे. दुसरा, चाल तुमची, हा पटावरचा आणि जास्त घरचा. आमची पसंती दुसऱ्याला. पत्रव्यवहार अगदी औपचारिक असेल तर 'स्लोवो ज़ा वामी', आता शब्द तुमचा, हे सर्वांत सभ्य. 'व वाशेम कोर्ते' असे शब्दशः लिहिणे टाळा.

इंग्रजीत 'प्ले' आहे, पण रशियनमध्ये 'इग्रात्य' चालत नाही, असे कुठे होते?

बऱ्याच ठिकाणी, आणि सवयीने हात 'इग्रात्य'कडेच जातो. 'प्ले फॉर टाइम' म्हणजे त्यानूत्य व्रेम्या, वेळ ताणणे. 'प्ले इट बाय इअर' म्हणजे देयस्त्वोवात्य पो ओब्स्तोयातेल्स्त्वाम, परिस्थिती पाहून वागणे. 'इग्रात्य ना स्लुख' लिहिलेत तर स्वरलिपी न पाहता वाजवणे हा संगीतातला अर्थ होईल. 'प्ले हार्ड टू गेट' म्हणजे नाबिवात्य सेब्ये त्सेनू, स्वतःचा भाव वाढवणे. 'प्ले हुकी' म्हणजे प्रोगुलिवात्य उरोकी, तास बुडवणे.

'आय अ‍ॅम नॉट हिअर टू प्ले गेम्स' हे वाक्य सगळ्यांत जास्त विचारले जाते. 'इग्री' शब्दाने ते फिके पडते. 'मी तूत ने व बिर्युल्की इग्रायेम', आपण इथे बिर्युल्की खेळत नाही, असे म्हणा. बिर्युल्की म्हणजे इवल्या लाकडी वस्तूंचा ढीग करून बाकीच्या न हलवता आकड्याने एकेक उचलण्याचा खेळ. म्हणून तो फालतू वेळ घालवण्याचे प्रतीक झाला.

'प्ले अ रोल' म्हणजे 'इग्रात्य रोल्य' इतके सोपे असताना शिक्षक लाल रेघ का मारतात?

बहुधा तुम्ही 'इग्रात्य ज़्नाचेनिये' किंवा 'इमेत्य रोल्य' लिहिले असेल. रशियनमध्ये जोड्या ठरलेल्या आहेत: इग्रात्य रोल्य, भूमिका बजावणे, आणि इमेत्य ज़्नाचेनिये, महत्त्व असणे. या दोन्हींची सरमिसळ ही रशियन शाळांमध्येही ठळकपणे शिकवली जाणारी चूक आहे, मातृभाषिकही ती करतात. परीक्षेत याचे गुण हमखास जातात.

'इग्रात्य'ला उपसर्ग लागले की अर्थ कुठे जातो?

विइग्रात्य जिंकणे, प्रोइग्रात्य हरणे. ओबिग्रात्य कुणालातरी हरवणे, इथे हरणारा कर्म होतो. ओतिग्रात्स्या गमावलेले परत जिंकणे, 'गेट इव्हन'च्या जवळ, पण मुख्यतः खेळ आणि पैशांत. पेरेइग्रात्य पुन्हा खेळणे किंवा वरचढ ठरणे, नटाच्या बाबतीत अति-अभिनय करणे. राज़िग्रात्य याचे तीन अर्थ सांभाळा: सोडत काढणे, एखाद्याची थट्टा करून फसवणे आणि पान किंवा मुद्दा खेळात आणणे. 'प्ले युअर कार्ड्स राइट'साठी तिसराच हवा, 'प्राविल्नो राज़िग्रात्य कार्ती'. आणि दोइग्राल्स्या! खेळता खेळता शेवटी भोवले. आईने मुलाला म्हणायचे 'बघ, आता भोगा फळं', ते रशियन आई या एका शब्दात म्हणते.

'पास द बक'ला पत्त्यांचाच प्रतिशब्द आहे का?

नाही. इंग्रजीत 'बक' ही पोकरमध्ये पुढचे पान कोण वाटणार हे दाखवणारी वस्तू होती. रशियन बोलीभाषेत रेल्वे येते: पेरेवोदित्य स्त्रेल्की, सांधे बदलून गाडी दुसऱ्याच्या रुळावर घालणे. आपल्या 'टोलवाटोलवी'सारखाच त्यात नापसंतीचा सूर आहे. अहवालात किंवा करारात तो नको, तिथे 'पेरेक्लादिवात्य ओत्वेत्स्त्वेन्नोस्त्य ना द्रुगीख', जबाबदारी दुसऱ्यांवर ढकलणे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या टेबलावरच्या पाटीतला 'द बक स्टॉप्स हिअर' मात्र सरळ अर्थाने न्या: ओत्वेत्स्त्वेन्नोस्त्य लेझित ना म्न्ये, जबाबदारी माझ्यावर आहे.

'मूव्ह द गोलपोस्ट्स' आणि 'ओन गोल' फुटबॉलचेच ना? मग एक जातो, एक का नाही?

'ओन गोल' जातो: गोल व स्वोइ वोरोता. गोलखांब हलवण्याचे चित्र मात्र रशियनमध्ये रुळलेले नाही. 'मेन्यात्य प्राविला पो खोदू इग्री', खेळ चालू असताना नियम बदलणे, हे लिहा. जोडीला 'इग्रा व ओद्नी वोरोता', एकाच गोलावर चाललेला खेळ, लक्षात ठेवा. एकतर्फी सामना, वाटाघाटी, खटला सगळ्यांना तो लागू पडतो. 'वोरोता' नेहमी अनेकवचनी असतो, म्हणून 'एक'सुद्धा 'ओद्नी' असा अनेकवचनात येतो.

खेळाचे वाटतात पण नाहीत, असे फसवे वाक्प्रचार?

'कॉल अ स्पेड अ स्पेड'. यातला 'स्पेड' इस्पिक नसून फावडे आहे. रशियनमध्ये 'नाज़िवात्य वेश्ची स्वोइमी इमेनामी', वस्तूंना त्यांच्या नावानेच हाका मारणे. इथे 'पिकी' आणणे ही हास्यास्पद चूक ठरते.

उलटही घडते. 'द डाय इज कास्ट' फाशांचा आहे, सीझरने रुबिकॉन ओलांडतानाच्या प्रसंगातला, पण रशियनमध्ये फासा नाही, चिठ्ठी आहे: झ्रेबिय ब्रोशेन. आणि 'व्तिरात्य ओच्की', डोळ्यांत धूळ फेकणे, हा चष्म्याचा वाटतो, कारण 'ओच्की' म्हणजे चष्मा. पण इथले 'ओच्की' म्हणजे पत्त्यांवरचे ठिपके. पत्तेचोर पानावर जादा ठिपके चिकटवून पानाची किंमत बदलायचे. 'पुल द वूल ओव्हर समवन्स आइज'ला तो बसतो, फक्त ज्याला फसवले तो संप्रदानात ठेवा.

निवडलेला जोडीदार खरोखर वापरात आहे हे कसे तपासू?

रशियन भाषेचा राष्ट्रीय कॉर्पस, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या मजकुरांचा शोधता येणारा संग्रह, 2004 पासून ऑनलाइन आणि विनामूल्य आहे. त्यात वाक्प्रचार सिरिलिक लिपीत, क्रियापदाच्या मूळ रूपात टाका. निकालात तीन गोष्टी पाहा: उदाहरणे कोणत्या काळातली आहेत, वृत्तपत्रांतली जास्त की संवादांतली, आणि शेजारच्या नामाची विभक्ती कोणती. फक्त अनुवादित पुस्तकांतच सापडत असेल तर तो इंग्रजीची छाया असण्याची शक्यता मोठी, अशा वेळी वरच्या 'चेंडू' आणि 'चाल' यांच्यासारखा घरचा पर्याय शोधा.

एकाच परिच्छेदात तीन-चार खेळांचे वाक्प्रचार आले तर?

इंग्रजी व्यवस्थापकीय भाषणांत हे नेहमीचे आहे: चेंडू, पत्ते आणि गोलखांब एकाच श्वासात. प्रत्येकाला जोडीदार शोधत बसलात तर रशियन मजकूर बजबजतो. वक्त्याचा भर जिथे आहे तो एक निवडा, त्याला पूर्ण चित्रासह न्या, बाकीचे साध्या क्रियापदांत उतरवा. मात्र वक्ता मुद्दाम एकाच खेळाचे रूपक शेवटपर्यंत ताणत असेल तर तो खेळ बदलून संपूर्ण रूपकच बदला. क्रिकेटच्या जागी बुद्धिबळ घ्या आणि मग शेवटच्या वाक्यापर्यंत पट सोडू नका.